लाव्हीचं अंडं : कोंबडीच्या अंड्याला पर्याय होईल का?



रेडिओवर लाव्हीपालनाची माहिती सांगितल्यापासून वसई, पालघर, शहापूर, मुरबाड, पेण अशा सगळ्या बाजूंनी विचारणा होत आहे. बहुतेकांचा प्रश्न एकच : "साहेब, कोंबड्या काढून लाव्ह्या ठेवाव्यात काय? लाव्हीचं अंडं कोंबडीच्या अंड्याची जागा घेईल काय?" काहींनी पत्रासोबत छापील जाहिराती पाठवल्या आहेत. त्यांत दोन महिन्यांत पैसे दुप्पट होतील असं लिहिलं आहे. दमा, मधुमेह, रक्तदाब असे सगळे आजार या अंड्याने बरे होतात असंही लिहिलं आहे.

म्हणून हे पत्रक. उत्तर आधीच सांगून टाकतो, कारण कुणी पत्रक अर्धं वाचून ठेवलं तरी नुकसान होऊ नये. कोंबड्या काढू नका. लाव्ह्या ठेवायच्याच असतील तर कोंबड्यांच्या जोडीला, थोड्या ठेवा, आणि अंडी कोण घेणार हे ठरवून मगच ठेवा. असं का म्हणतो, ते आता पायरी-पायरीने पाहू.

१. हा पक्षी कोणता?

लाव्हीला कुठे लावा म्हणतात, कुठे लावरी. हिंदीत बटेर म्हणतात. आपल्या माळरानात, गवतात आणि कापणीच्या वेळी शेतात भुर्रकन उडणारी रानलाव्ही तुम्ही पाहिली असेल. पाळायची ती लाव्ही ही नव्हे. पाळतात ती जपानी लाव्ही. जपानात ती पिढ्यान् पिढ्या घरात वाढवली गेली आणि अंड्यासाठी निवडत निवडत पाळीव झाली. आपल्या देशात ती १९७४ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठातून उत्तर प्रदेशात बरेलीजवळच्या इज्जतनगर इथे आणली गेली. तिथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने पुढे तिच्या सुधारित जाती तयार केल्या.

इथे कायद्याची एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. रानातली लाव्ही पकडणं, पिंजऱ्यात ठेवणं, विकणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. फासे लावून धरलेले पक्षी कुणी स्वस्तात देऊ केले तर घेऊ नका. जपानी लाव्हीबद्दलही मध्यंतरी गोंधळ झाला होता. २०११ साली केंद्र सरकारने तिच्या नव्या फार्मांना परवाने देणं थांबवलं होतं. पुढे ही पाळीव जात त्या कायद्याच्या यादीतून वगळण्यात आली. तरीसुद्धा पिल्लं घेताना उबवणी केंद्राची पावती घ्या आणि जपून ठेवा. उद्या कुणी विचारलं, तर पक्षी रानातला नाही हे दाखवायला ती पावतीच कामाला येते.

२. अंडं केवढं, आणि त्यात असतं काय?

लाव्हीचं अंडं साधारण १० ते १२ ग्रॅमचं भरतं. कवच मळकट पांढरं आणि त्यावर तपकिरी-काळे ठिपके. फार्मच्या कोंबडीचं अंडं ५० ते ५५ ग्रॅमचं. म्हणजे लाव्हीची पाच अंडी तेव्हा कोंबडीचं एक. हा पाचास एकचा हिशेब या पत्रकात शेवटपर्यंत लागणार आहे, तो पाठ करून ठेवा.

आता गुणाचं पाहू. १०० ग्रॅम लाव्हीच्या अंड्यात सुमारे १३ ग्रॅम प्रथिनं असतात, कोंबडीच्या अंड्यात साडेबारा. म्हणजे प्रथिनांत फरक जवळजवळ नाहीच. लोह मात्र लाव्हीच्या अंड्यात जास्त, जवळपास दुप्पट. कारण साधं आहे. अंड्याच्या मानाने त्यात पिवळा बलक जास्त असतो आणि लोह बलकातच असतं.

पण बलक जास्त म्हणजे चरबीही जास्त, आणि कोलेस्टेरॉलही जास्त. कोंबडीच्या एका अंड्यात १८५ मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असतं. लाव्हीच्या पाच अंड्यांत ते ३८० च्या घरात जातं. जाहिरातीत "कोलेस्टेरॉल नाही" असं लिहिलेलं असतं, ते सरळसरळ खोटं आहे. घरात कुणाला हृदयाचा आजार असेल तर "हे अंडं लहान आहे, चालतं" असं म्हणून रोज पाच-सहा खायला देऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा.

दमा, मधुमेह, क्षय बरा होतो ही गोष्टही तशीच. लाव्हीचं अंडं चांगलं अन्न आहे. ते औषध नव्हे. कुणाचं औषध बंद करून त्याजागी अंडी सुरू करू नका. ज्याला कोंबडीच्या अंड्याने अंगावर पित्त उठतं किंवा धाप लागते, त्याला लाव्हीच्या अंड्यानेही तसंच होऊ शकतं. "हे वेगळ्या पक्ष्याचं आहे" म्हणून अशा माणसाला खायला घालून पाहू नका.

३. आधी खाऊन पाहा

कोणताही धंदा करायचा तर आधी आपल्या जिभेला माल कळला पाहिजे. जी वस्तू आपण घरात खाल्लेली नाही, तिच्याबद्दल गिऱ्हाइकाला काय सांगणार? म्हणून पिंजरा घेण्याआधी दोन डझन अंडी विकत आणा आणि घरात शिजवा.

चव कोंबडीच्या अंड्यासारखीच, बलक थोडा दाट आणि खमंग लागतो. उकडायची रीत अशी. पाणी आधी उकळवा. अंडी चमच्याने अलगद सोडा. चार ते पाच मिनिटं पुरे होतात. लगेच काढून थंड पाण्यात टाका. पाटावर हलक्या हाताने फिरवलं की कवचाला बारीक भेगा जातात. मग रुंद टोकाकडून सोलायला घ्या. कवच पातळ असतं, पण आतला पापुद्रा चिवट असतो. पहिल्या डझनाला वैताग येईल, दुसऱ्याला हात बसेल. कच्चं फोडायचं असेल तर वाटीच्या कडेवर आपटू नका, अंड्याचा चुरा होतो. लहान धारदार सुरीने रुंद टोकाची टोपी उडवा.

सुक्या खोबऱ्याच्या वाटणाच्या रश्श्यात ही अंडी सबंध सोडली की पोरं आवडीने खातात. पण अगदी लहान मुलाला सबंध अंडं देऊ नका, घशात अडकतं. चार तुकडे करून द्या. काही जाहिरातींत सकाळी कच्ची अंडी प्यायला सांगितलेलं असतं. ते करू नका. कच्च्या अंड्यातून जुलाब-उलटीचे जंतू पोटात जातात. कोंबडीचं असो वा लाव्हीचं, अंडं शिजवूनच खावं.

४. खाद्याचा हिशेब : खरी गोम इथे आहे

जाहिरातवाले सांगतात, "लाव्ही फक्त २५-३० ग्रॅम खाद्य खाते, कोंबडी ११० ग्रॅम खाते." हे खरं आहे. पण अर्धंच खरं आहे. पाचास एकचा हिशेब इथे लावून पाहा.

दहा लाव्ह्या ठेवल्या. रोज प्रत्येकी २८ ग्रॅम धरलं तर २८० ग्रॅम खाद्य लागलं. वर्षाला एक मादी अडीचशे ते पावणेतीनशे अंडी देते, म्हणजे दहा माद्यांची रोजची सरासरी सात अंडी. सात अंड्यांचं वजन ७७ ग्रॅम. म्हणजे कोंबडीचं दीड अंडंसुद्धा पुरतं झालं नाही. दहा पक्ष्यांची उठाठेव करून घरात दीड अंडं आलं.

आता एक किलो अंड्यांमागे किती खाद्य लागलं ते काढा. लाव्हीला साडेतीन किलोच्या वर लागतं. चांगल्या फार्मवरच्या शंभर कोंबड्या ११ किलो खाऊन ८५ अंडी देतात, म्हणजे पावणेपाच किलो अंडी. एका किलोमागे खाद्य पडलं सव्वादोन ते अडीच किलो. म्हणजे तेवढ्याच वजनाच्या अंड्यांना लाव्ही दीडपट खाद्य खाते. शिवाय तिचं खाद्य जास्त प्रथिनांचं, म्हणून महाग.

समजा तुमच्या गावात कोंबडीचं अंडं ७ रुपयांना जातं. मग लाव्हीच्या पाच अंड्यांचे नुसत्या खाद्यापोटीच साडेदहा रुपयांच्या वर यायला हवेत. म्हणजे एका अंड्याला २ रुपये १० पैशांच्या वर. त्यात पिल्लांची मर, वीज, पिंजरा, डबी आणि गाडीभाडं धरलेलं नाही. हा बाजारभाव नाही, हिशेबाची रीत आहे. तुमच्या गावचे आकडे घालून पाहा.

आणि परसातली कोंबडी? ती उकिरड्यावर किडे टिपते, खळ्यावरचे दाणे वेचते, संध्याकाळी आपली आपण खुराड्यात येते. तिचं खाद्य अर्धं फुकटचं. लाव्हीला असं मोकळं सोडता येत नाही. सोडली तर उडाली, परत येत नाही. उरलीच तर मांजराच्या तोंडी. तेव्हा घरच्या पोरांच्या पोटासाठी अंडी हवी असतील तर गिरिराज, वनराज अशा सुधारित जातीच्या चार कोंबड्या ठेवणं केव्हाही परवडतं. त्यांच्या पिल्लांसाठी सरकारी उबवणी केंद्रात चौकशी करा.

५. मग लाव्ही ठेवायचीच कशाला?

ठेवण्यासारखे गुणही तिच्यात आहेत. एक, लवकर येते. कोंबडी अंड्यावर यायला वीस आठवडे घेते, लाव्ही सहा-सात आठवड्यांत पहिलं अंडं देते. दोन, जागा थोडी लागते. एका कोंबडीच्या जागेत आठ-दहा लाव्ह्या राहतात. ज्या भूमिहीन कुटुंबाला दारापुढे अंगणही नाही, त्याला पडवीत पिंजरा मांडता येतो. तीन, नर वाया जात नाहीत. पाच आठवड्यांत दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतात आणि मांसाला जातात. चार, शहरात या अंड्याला हौशी गिऱ्हाईक आहे. ते वजनावर भाव करत नाही, नवलाईवर करतं. लाव्हीचा धंदा उभा राहतो तो या चौथ्या गुणावर. तो नसेल तर बाकीचे तीन पुरे पडत नाहीत.

६. पाळायची रीत

पिल्लं : अंड्यातून निघालेलं पिल्लू ७-८ ग्रॅमचं, अंगठ्याएवढं. पहिले दोन आठवडेच खरे धोक्याचे. पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यावं. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे पाहा. बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजते आहे. कडेला पळून चोच उघडी टाकत असतील तर उकाडा होतो आहे. सारखी पसरून खात-पीत असतील तर ठीक चाललं आहे.

पिल्लं पाण्याच्या भांड्यात बुडून मरतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. उथळ भांडं ठेवा आणि त्यात धुतलेले खडे घाला, चोच जाईल पण पिल्लू बुडणार नाही. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नका, पाय फाकतात आणि पिल्लू अधू होतं. खरखरीत कागद किंवा गोणपाट अंथरा. जाळीची भोकं बारीक असावीत, कारण पिल्लू बोटभर फटीतूनही निसटतं.

नर-मादी : तीन आठवड्यांनी ओळखता येतात. नराची छाती तांबूस-तपकिरी एकरंगी, मादीच्या छातीवर काळे ठिपके. कोंबडीत नर मोठा असतो. लाव्हीत मादी मोठी. खायच्या अंड्यांसाठी नराची गरज नाही. नर वेगळे काढून मांसाला वाढवावेत.

पिंजरा : दोन फूट लांब, दोन फूट रुंद पिंजऱ्यात पंधरा माद्या बसतात. उंची एक फुटाच्या आतच ठेवा. लाव्ही दचकली की सरळ वर उसळते. उंच पिंजऱ्यात तिला जोर मिळतो आणि डोकं आपटून मरते. तळाला थोडा उतार द्या म्हणजे अंडी घरंगळत पुढे येतात. जमिनीवर ठेवायच्या असतील तर भाताचं तूस अंथरा. कोकणात त्याला तोटा नाही, पण ते कोरडं हवं. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा खालीवर करा, ओलं झालेलं काढून टाका. मुंगूस, मांजर, घूस आणि साप या चौघांपासून जपा.

खाद्य : पहिले तीन आठवडे २७ टक्के प्रथिनांचं खाद्य सांगितलेलं आहे, पुढचे दोन आठवडे २४ टक्के, आणि अंड्यावर आल्यावर १९ ते २० टक्के, सोबत शिंपल्यांचा चुरा. लाव्हीचं वेगळं खाद्य सगळीकडे मिळत नाही. मग ब्रॉयलरच्या पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य बारीक करून देतात. अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य १६-१७ टक्क्यांचंच असतं. ते नुसतं दिलं तर अंडी घटतात, त्यात सोयाबीन पेंड मिसळावी लागते. किती, ते तुमच्या पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या. बुरशी आलेलं खाद्य कितीही स्वस्त मिळालं तरी घालू नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा दमट असते, म्हणून खाद्य पंधरा दिवसांपुरतंच आणा आणि फळीवर ठेवा, जमिनीवर नको.

उजेड : अंड्यावरच्या माद्यांना १४ ते १६ तास उजेड लागतो. हिवाळ्यात दिवस लहान होतो, तेव्हा संध्याकाळी चारेक तास बल्ब लावा. नाहीतर डिसेंबरात, नेमकी मागणी असते तेव्हाच, अंडी बसतात.

७. अंडी गोळा करणं आणि उबवणं

कोंबडी सकाळी अंडं देते, लाव्ही दुपार टळल्यावर. बहुतेक अंडी तीन ते सहाच्या दरम्यान येतात, उरलेली रात्री. म्हणून एकदा संध्याकाळी उशिरा आणि एकदा पहाटे गोळा करा. कवच पातळ असतं, टोपलीत एकावर एक रचू नका. शंका आली तर अंडं पाण्यात सोडून पाहा. ताजं तळाशी आडवं बसतं, बिघडलेलं वर तरंगतं.

जपानी लाव्ही खुडूक बसत नाही. अंडी उबवायचं तिचं वळणच पाळीव होता होता गेलं. म्हणून उबवणी यंत्र लागतं, नाहीतर खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवावी लागतात. सतरा-अठरा दिवसांत पिल्लं निघतात. उबवायच्या अंड्यांसाठी दोन-तीन माद्यांना एक नर ठेवावा आणि अंडी आठवड्याच्या आत बसवावीत. एकाच घराण्यातले नर-मादी पिढ्यान् पिढ्या लावू नका. पिल्लं कमजोर निघतात. पहिल्या वर्षी उबवण्याच्या फंदात न पडणंच बरं. पिल्लं विकत आणा, आधी विक्री जमते का पाहा.

८. "लाव्हीला रोग होत नाही" हे खरं नाही

कोंबडीपेक्षा ती काटक आहे, लसी सहसा लागत नाहीत. पण आतड्याचा व्रणाचा एक रोग तिला विशेष होतो. पक्षी मलूल होऊन पांढरट पातळ विष्ठा टाकतात आणि पटापट मरतात. घाण आणि दाटी हेच त्याचं घर. बर्ड फ्लूही लाव्हीला होतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला काय झालं, जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला काय झालं, ते आपल्याला आठवत असेल. अशा वेळी कोंबड्यांबरोबर आसपासचे इतर पाळीव पक्षीही नष्ट करावे लागतात. तेव्हा लाव्ह्या आणि कोंबड्या एका खोपटात ठेवू नका, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाताना हात-पाय धुवा. एकाएकी मर सुरू झाली तर मेलेले पक्षी ओढ्यात फेकू नका, विकू तर मुळीच नका. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

९. पार्ल्याचा बाजार काय सांगतो

वसई भागातल्या एका शेतकऱ्याबरोबर मी विलेपार्ल्याला अंडी घेऊन गेलो होतो. पहाटेची गाडी, अंधेरीला उतरून धिमी धरली, आणि स्टेशनाजवळच्या बाजारात भाजीच्या पाटीशेजारी अंड्यांची टोपली मांडली. एकेकाळी हे पार्लेही गावच होतं. शेजारी इर्ला, पलीकडे जुहूचा कोळीवाडा. आता तिथे विमानतळ आहे, हॉटेलं आहेत, आणि इमारतींत राहणारं चौकस गिऱ्हाईक आहे.

पहिल्या तासात एकही अंडं गेलं नाही. लोक थांबायचे, "हे कसलं?" विचारायचे आणि पुढे जायचे. एक आजी म्हणाल्या, "एवढंसं अंडं, यात पोट कधी भरायचं?" त्यांचं बरोबरच होतं. भूक भागवायला हे अंडं महागच पडतं. मग त्या शेतकऱ्याच्या घरधनिणीने डब्यातून आणलेली उकडलेली अंडी सोलून मीठ-मिरपूड लावून समोर धरली. पोरांनी आधी घेतली, मग पोरांच्या आयांनी. दुपारपर्यंत टोपलीतली दोन तृतीयांश अंडी गेली. उरलेली परत आली. पुढच्या खेपेला त्यांनी बारा-बारा अंड्यांच्या डब्या भरल्या आणि वर गोळा केल्याची तारीख लिहिली. तारखेमुळे विश्वास बसला. मागून एका खानावळीने आठवड्याला ठराविक डब्या घ्यायला सुरुवात केली.

त्या दिवसाने मला चार गोष्टी शिकवल्या, त्या तुम्हालाही सांगतो.

एक, हे अंडं किलोवर किंवा शेकड्यावर विकायचा माल नाही, डबीत विकायचा माल आहे. दोन, गिऱ्हाईक ठराविक आहे. पार्ल्यात शाकाहारी घरं पुष्कळ, आणि श्रावणात, चतुर्मासात, पर्युषणात मागणी उतरते. त्या महिन्यांत पक्षी मात्र खातच राहतात. म्हणून नवा कळप श्रावणाच्या तोंडावर आणू नका. पावसाळा सरता सरता पिल्लं आणली तर हिवाळ्यात अंडी हातात येतात. तीन, कोंबडीच्या अंड्याला राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा रोजचा भाव जाहीर होतो. १९८२ पासून ती व्यवस्था आहे. लाव्हीच्या अंड्याला असा जाहीर भाव नाही. भाव तुम्ही आणि गिऱ्हाईक मिळून ठरवायचा, आणि आणखी चार जणांनी तोच माल आणला की तो पडायचा. चार, परत आलेली अंडी घरात खाल्ली जातील एवढ्याच पक्ष्यांपासून सुरुवात करावी.

१०. परत-खरेदीच्या कराराबद्दल

आता सगळ्यांत महत्त्वाचं. ज्या शेतकऱ्याबरोबर मी पार्ल्याला गेलो, तो हौसेने गेला नव्हता. एका माणसाने त्याला ५०० पिल्लं दिली होती. "अंडी आणि पक्षी मीच परत घेईन" असं कागदावर लिहूनही दिलं होतं. पैसे आगाऊ घेतले होते. पहिल्या महिन्यानंतर फोन लागेना, आणि पत्त्यावर गेल्यावर तिथे कुलूप. इकडे पक्षी वाढलेले. ५०० पक्षी रोज १४ किलो खाद्य खातात, म्हणजे चार दिवसांत एक पोतं संपतं. घरात पोरीची शाळेची फी भरायची होती. ते पैसे खाद्याला गेले. शेवटी नर मांसाला विकले, माद्या निम्म्या केल्या, आणि राहिलेल्यांची अंडी घेऊन नवरा-बायको बाजारात उभे राहिले. म्हणून ते तरले. मूळ पैसे काही परत मिळाले नाहीत.

हे नवीन नाही. २०१२ च्या सुमारास इमू पक्ष्यांचा असाच बोभाटा झाला, आणि गिऱ्हाईकच नसल्याने लोकांनी पक्षी उपाशी सोडून दिले. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबडीच्या परत-खरेदीच्या करारात पुष्कळ शेतकऱ्यांचे पैसे अडकले. इमूही वाईट नव्हता, कडकनाथही वाईट नाही, आणि लाव्हीही नाही. पक्षी बदलतो, फसवण्याची रीत तीच राहते. महाग पिल्लं गळ्यात मारायची आणि परत घेण्याचा वायदा करायचा. ज्याचा नफा पिल्लं विकण्यात आहे, त्याला तुमची अंडी विकली गेली काय आणि न गेली काय, सारखंच.

कुणी असा करार घेऊन आला तर त्याला तीन प्रश्न विचारा. तुम्ही आमची अंडी पुढे कुठे विकता, ते दुकान दाखवा. गेल्या वर्षी ज्यांच्याकडून अंडी घेतलीत त्या शेतकऱ्यांकडे घेऊन चला. आणि पिल्लांचे अर्धे पैसे पहिल्या अंड्यांतून कापून घ्या. तिसऱ्या प्रश्नाला जो माणूस उठून जाईल, त्याला अडवू नका.

११. सुरुवात कशी करावी?

पहिल्यांदा दोन डझन अंडी आणून घरात खा आणि शेजाऱ्यांना द्या. दुसऱ्यांदा विकतची अंडी घेऊनच तुमच्या नेहमीच्या भाजीच्या गिऱ्हाइकांत विकून पाहा. नफा नाही झाला तरी चालेल, गिऱ्हाईक कळेल. चार आठवडे लागोपाठ घेणारी दहा घरं मिळाली, तरच तिसरी पायरी : तीस माद्या, दोन पिंजरे. रोज वीसेक अंडी येतील. खर्च आणि विक्री वहीत लिहा. सहा महिने वही जमेची दिसली तर पुढचा पिंजरा. कर्ज काढून सुरुवात करू नका.

शिकायचं असेल तर गोरेगावला आरे दुग्ध वसाहतीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे चौकशी करा. गावात पंचायत समितीचे पशुधन विकास अधिकारी आहेत. फोनवर विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटरचा क्रमांक १८००-१८०-१५५१, त्याला पैसे पडत नाहीत.

ध्यानात ठेवा

• लाव्हीची पाच अंडी म्हणजे कोंबडीचं एक.
• एक किलो अंड्यांमागे खाद्य दीडपट.
• प्रथिनं सारखीच, लोह जास्त, कोलेस्टेरॉलही जास्त. अंडं हे औषध नव्हे.
• रानलाव्ही पकडू नका. पिल्लांची पावती जपा.
• पिल्लांच्या पाण्यात खडे, पिंजरा बुटका, खाद्य कोरडं.
• अंडी संध्याकाळी आणि पहाटे गोळा करा, डबीवर तारीख लिहा.
• आधी गिऱ्हाईक, मग पिंजरा.
• परत-खरेदीच्या वायद्यावर आगाऊ पैसे देऊ नका.

तेव्हा बंधू-भगिनींनो, घरच्या ताटात कोंबडीचंच अंडं राहू द्या, आणि जमलं तर लाव्हीचं शहराच्या ताटात जाऊ द्या. तुमच्याकडे कुणी लाव्ह्या ठेवल्या असतील तर त्यांचा सहा महिन्यांचा हिशेब, जमेचा असो वा तोट्याचा, आम्हाला पत्राने कळवा. तोट्याचा हिशेब तर जरूर कळवा. त्याने दुसऱ्या दहा जणांचे पैसे वाचतील.

रामराम.